सहा पिल्लं आणि बापाचा वाटा

मला याद्या करायची सवय आहे आणि ती मी लपवत नाही. किराण्याची यादी सगळेच करतात. मी प्रवासाला निघताना पिशवीत काय काय आहे याची यादी करून ती पिशवीतच घालते, आणि त्या यादीत 'यादी' हाही एक नग धरते. आमचे हे म्हणतात, "तू देवळात गेलीस तरी नवसांना क्रमांक देशील." द्यावेतच. नाहीतर कुठला फेडला आणि कुठला राहिला, हे कळणार कसं?

माझी एकच यादी अशी चुकली की तिची आठवण काढून अजून मला चिडवलं जातं. ती यादी कोंबडीच्या सहा पिल्लांची होती.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा नांदेडहून माझी तिथे बदली झाली. आमचे हे रेल्वेत, ते नांदेडलाच राहिले आणि एखाद्या शनिवारी एसटीने यायचे. आमची कचेरी एका भाड्याच्या इमारतीत थाटलेली होती. बाहेरच्या पाटीचा रंग ओला आणि आत उस्मानाबादहून आलेले कागदांचे गठ्ठे छतापर्यंत. माझ्या टेबलाचं काम सोपं होतं. प्रत्येक फायलीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' तांबड्या शाईनं खोडायचं आणि वर 'जिल्हा लातूर' असा नवा शिक्का मारायचा. दिवसाकाठी दोनतीनशे फायलींचं मूळ गाव मी बदलत होते. इतकी सवय झाल्यावर कुणाचं मूळ काय हे आपल्याला एका नजरेत कळतं, असं माणसाला वाटायला लागतं. मला वाटायला लागलं होतं.

एका डाळवाल्या व्यापाऱ्याच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली होती. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणत. घर शिवभक्तांचं. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी नाही, आणि अंड्याचं नाव घ्यायची वेळ आलीच तर आक्का 'ते पांढरं' म्हणत. अशा घरात मी नांदेडहून टोपलीत घालून एक करडी गावरान कोंबडी आणली. आईनं दिली होती. आईला नाही म्हणायचं कसं, याची यादी माझ्याकडे नव्हती.

"शिव शिव," आक्का दारातच म्हणाल्या. "कारकूनबाई, हे काय आणलंस गं?"

"आक्का, आजची रात्र राहू द्या. उद्या सोय करते."

"ती 'ते पांढरं' घालती का?"

"रात्री नाही घालत, आक्का."

सोय झाली ती मागच्या नाल्यापलीकडच्या वस्तीत. दाराच्या चौकटीवर निळी पताका लावलेलं पहिलंच घर मावशींचं. मावशी पूर्वी आक्कांच्या गिरणीत डाळ निवडायला यायच्या. त्या वर्षी दुष्काळानं तूरच आली नाही, गिरणी आठवड्यातून दोन दिवस चालायची, म्हणून मावशी रोजगार हमीवर खडी फोडायला जायच्या. नवरा वारलेला. थोरला मुलगा ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला. लेक कंधारकडे दिलेली. तीच तेवढी पहिल्या बाळंतपणाला आलेली होती.

आमच्या भागात कोंबडी वाट्यानं द्यायची रीत आहे. कोंबडी मालकाची, दाणापाणी आणि राखण पाळणाऱ्याची, पिल्लं निम्मी निम्मी. मी वही काढून अटी लिहायला घेतल्या. मावशींना त्याची गंमत वाटली.

"लिवा," त्या म्हणाल्या. "वाटे मालकानं घालायचे. पयला हात पाळणाऱ्याचा. म्हंजी तुमी दोन डालगी भरायची, अन् मला पायजे ती मी उचलणार. लिवलं?"

"लिहिलं."

"अन् असील लागला तर बापाचा वाटा."

"तो काय असतो?"

तेव्हा मला समजलं. वस्तीच्या तोंडाशी टांगेवाल्या चाचांचं घर होतं आणि चाचांकडे एक असील, म्हणजे झुंजीच्या जातीचा, कोंबडा होता. उंच, ताठ मानेचा, चालला की जमादार गस्तीला निघाल्यासारखा. त्याच्यापासून कुणाच्या कोंबडीला पिल्लं झाली, तर वाटणीआधी चाचांनी येऊन एक पिल्लू निवडून न्यायचं. कुठलंही. तो बापाचा वाटा.

"पण आपल्याला त्याची न्हाई भानगड," मावशी घाईनं म्हणाल्या. "आपल्याकडं सरकारी लाल हाय."

सरकारी लाल म्हणजे योजनेतून वस्तीला मिळालेला सुधारित जातीचा तांबडा कोंबडा. वजनानं भारी, तुरा हातभर, आणि तो कुणा एकाचा नसल्यामुळे त्याचा वाटाही कुणी मागत नसे.

कोंबडी फाल्गुनात खुडूक बसली. अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. एक घारीनं नेलं, एक मुंगसानं, एक चैत्रातल्या उन्हानं. राहिली सहा. त्याच आठवड्यात मावशींची लेक बाळंत झाली. सुईणीनं पोटाचा आकार पाहून मुलगा सांगितला होता, आक्कांनी डोहाळ्यांवरून मुलगा सांगितला होता. मुलगी झाली.

"तलंगच झाली, बाई," मावशी मला म्हणाल्या आणि खूश होऊन हसल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. "पोटावरून सांगणाऱ्याचं काय खरं असतंय?"

हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

दर रविवारी सकाळी मी वस्तीत जायचे. सोबत आक्कांच्या गिरणीतली ओंजळभर चुणी पिल्लांसाठी न्यायची. आक्का ती 'पाखरांसाठी' म्हणून द्यायच्या, आणि कुठल्या पाखरांसाठी ते विचारायच्या नाहीत. सहा पिल्लांच्या पायांना मी सहा रंगांचे दोरे बांधले होते. लाल, हिरवा, पिवळा, निळा, काळा, पांढरा. पाय वाढतो तसा दोरा रुतू नये म्हणून दर आठवड्याला सोडून पुन्हा बांधायचा. मग वही उघडायची. रकाने असे: दोरा, अंगाचा रंग, पिता, तुरा, पाय, स्वभाव, निष्कर्ष.

"पिता कोण लिहू?" मी पहिल्याच रविवारी विचारलं.

मावशी चुलीत काटक्या सारत होत्या. "ल्याहा की. सरकारी लाल."

"सगळ्यांचा?"

"आता मी का पहाऱ्याला बसलते तिथं, बाई? ल्याहा सगळ्यांचा."

आत बाळाला पाजत बसलेली लेक खुदकन हसली. मी सहा ओळींत सहा वेळा 'सरकारी लाल' लिहिलं. वर तोच, खाली तोच अशी खूण केली असती तरी चाललं असतं. पण मला मोकळे रकाने आवडत नाहीत.

नर कोणते आणि माद्या कोणत्या, हे ओळखायला कचेरीतल्या लोकांनी भरपूर मदत केली. शिपाई म्हणाला, पाय धरून उलटं टांगा, जे मान वर करील तो कोंबडा. मी टांगली. सहाही जणांनी मान वर केली. रोखपाल म्हणाला, दोऱ्याला सुई बांधून डोक्यावर धरा, गोल फिरली तर मादी. सुई सहाही वेळा गोल फिरली. म्हणजे एका रविवारी सगळे नर आणि पुढच्या रविवारी सगळ्या माद्या. मी लोकमताचा नाद सोडला आणि आमच्याच कपाटात पडलेली कुक्कुटपालनाची एक चोपडी वाचून काढली. तिच्यात चित्र होतं. ज्याचा तुरा लवकर फुटतो आणि लाल होतो, तो नर. ज्याचा तुरा बारका आणि फिका राहतो, ती मादी. स्वच्छ, सरळ, रकान्यात बसणारं.

त्याप्रमाणे अडीच महिन्यांनी माझा निष्कर्ष तयार झाला. लाल, निळा, काळा: तुरे मोठे, लालसर. नर. हिरवा, पिवळा, पांढरा: तुरे बोराएवढे, चपटे. माद्या. तीन आणि तीन. निष्कर्षाखाली मी दोन रेघा ओढल्या.

आषाढ लागला तरी आभाळ कोरडं होतं. टँकर यायचा दिवस सोडला तर वस्तीत बायकांचा आवाज नसायचा, सगळ्या खडीवर. वाळलेल्या वारुळाचा तुकडा फोडून आणून मावशी पिल्लांपुढं टाकायच्या, ती वाळवी टिपायची. बाळ अडीच महिन्यांचं झालं. कंधारहून निरोप आला की सोमवारी सुनेला घेऊन जायला दीर येतोय.

शनिवारी संध्याकाळी मावशी आक्कांच्या मागच्या दारी आल्या.

"बाई, उद्या वाटणी करूत. पोरगी परवा चालली."

"एवढी घाई? अजून पंधरा दिवसांनी पिल्लं चांगली वाढतील."

"वाढतील, पन पोरगी न्हाई थांबायची." त्या उंबऱ्याशी टेकल्या. "तिच्यासंगं दोन तलंगा द्यायच्या हायत मला. लुगडं न्हाई, भांडं न्हाई, औंदा काहीच न्हाई. दोन तलंगा तरी."

"द्या की. कोंबडी काय अन् कोंबडा काय."

मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्ची सरळ करून बसले.

"तसं नसतंय, बाई. सासरी म्हैस सासऱ्याची. शेळ्या दिराच्या. कोंबडी तेवढी सुनेची. तिच्या अंड्याला कुनी हात लावत न्हाई, ती इकंल न्हाईतर लेकराला घालंल, तिची मर्जी. अन् कोंबडा दिला तर? चार मानसं एका जेवनात संपवतील अन् पोरीच्या हातात पिसं. पयलीच पोरगी झाली म्हनून तिथं आधीच तोंडं वाकडी हायत. मोकळ्या हातानं नाय धाडायची मला."

त्या गेल्या. मी वही घेऊन बसले आणि मनाशी एक उदार बेत केला. माझ्या नोंदीप्रमाणे तीन माद्या होत्या. वाटे मीच घालणार होते. तिन्ही माद्या एका डालग्यात घालायच्या, तिन्ही नर दुसऱ्यात. पहिला हात मावशींचा, त्या माद्या उचलतील आणि उपकाराचा शब्दही निघणार नाही. माझ्या वाट्याचे कोंबडे नांदेडला जातील. आमचे हे तक्रार करणार नव्हते. मला माझं स्वतःचंच फार कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकात झोपही चांगली लागली.

रविवारी सकाळी आक्कांच्या मागच्या ओट्यावर वाटणी बसली. पंच म्हणून आक्का. त्यांना कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं आणि घेणंही नव्हतं, म्हणूनच त्यांच्यावर दोघींचा विश्वास होता. त्या नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोन डालगी पालथी घातलेली, प्रत्येकाखाली तीन पिल्लं. मावशींची लेक बाळाला खांद्यावर घेऊन उभी. आणि उद्या स्टँडवर सोडायला किती वाजता यायचं, हे विचारायला आलेले टांगेवाले चाचा फाटकाशी बिडी पेटवून थांबले. वाटणी बघायला मिळाली तर कोण सोडतं?

मावशी खाली बसल्या. दोन्ही डालग्यांच्या फटींतून आत पाहिलं. हात घालून एकेका पिल्लाच्या पाठीवरून शेपटीपर्यंत बोटं फिरवली. मग त्यांनी हात ठेवला तो लाल, निळ्या, काळ्या दोऱ्यांच्या डालग्यावर. माझ्या कोंबड्यांवर.

"मावशी, ती नाही," मी म्हणाले. "ही दुसरी घ्या."

"हीच बरी हायत."

"अहो, ते नर आहेत. तिन्ही. तुम्हाला तलंगा पाहिजेत ना?"

"असू द्या. आवडली मला."

मला वाटलं, माझा बेत त्यांच्या लक्षात आला आणि त्यांना माझे उपकार नको आहेत. मी आणखी गोड आवाज काढला. "मावशी, संकोच करू नका. मी मनापासून देतेय."

"मी बी मनापासूनच घिऊन राहिले, बाई."

"आक्का, सांगा तुम्ही यांना."

आक्का भिंतीला म्हणाल्या, "पहिला हात तिचा. तिनं ठेवला. संपलं."

"पण त्यांना कळलेलं नाही!"

"तीस वर्षं कोंबड्या पाळल्या तिनं, अन् तुला कळलं? बरं बाई."

मी हार मानली नाही. मी वही उघडून मावशींच्या लेकीपुढं धरली. तिला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकलेली. तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रकान्यांवरून बोट फिरवत शेवटच्या दोन रेघांपर्यंत आली. छापल्यासारखं अक्षर बघितलं की माणसाचा विश्वास बसतो. माझाही बसला होता.

"आई," ती हळू म्हणाली, "बाई बरूबर म्हनत असतील. सगळं लिवून ठेवलंय त्यांनी. हीच घेऊ ना आपन." आणि वाकून तिनं हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्याच्या डालग्याला हात घातला.

मावशींनी एकदा लेकीकडे पाहिलं. एकदा फाटकाशी उभ्या असलेल्या चाचांकडे. मग डोक्यावरचा पदर मागे सारला.

"सोड," त्या लेकीला म्हणाल्या. "सोड ती. त्येंचा बाप सरकारी न्हाई."

फाटकाशी बिडीचा धूर थांबला. माझ्या वहीत सहा वेळा लिहिलेलं 'सरकारी लाल' माझ्याचकडे बघत होतं.

"मग कोण?" मी विचारलं.

"ह्या तिघांचा सरकारी. अन् ह्या तिघांचा त्यो असील," त्यांनी चाचांच्या घराकडे हनुवटी उडवली. "एका उबवणीत दोन बापांची पिल्लं बसत्यात, बाई. त्यात नवल न्हाई. तुमचा सरकारी सकाळी एकदा हजेरी लावतो, अन् मग दिवसभर लिंबाखाली चोच वासून बसतो. कोंबडी किती वाट पाहील त्येची?"

आक्कांचे खांदे हलले. त्या भिंतीकडेच बघत होत्या, पण हसत होत्या.

"आता इकडं बघा." मावशींनी हिरव्या दोऱ्याचं पिल्लू काढून माझ्या मांडीवर दिलं. "असीलच्या घरात तुरा मोठा होतच न्हाई. चाचाचा कोंबडा पाच वर्साचा हाय, त्याचा तुरा कधी पाह्यला का? बोराएवढा. मंग लेकाचा कवा मोठा होनार? अन् सरकारीच्या घरात लेकीला बी तुरा फुटतो, बापावानी. तुमी नुसता तुरा बघितला. आधी बाप बघायचा, मंग तुरा."

"पण मग नर-मादी कशावरून?"

"हात फिरवा पाठीवर. शेपटीच्या वर."

मी फिरवला. हिरव्या दोऱ्याच्या पाठीवर नवी पिसं येत होती, बारीक, लांब, टोकाला अणकुचीदार. मग त्यांनी काळ्या दोऱ्याचं पिल्लू दिलं. त्याची पिसं टोकाला गोल, नखासारखी. निळ्याचीही गोल. लालची अणकुचीदार. पिवळ्याची अणकुचीदार. पांढऱ्याची गोल. पाठीवरचं पीस हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

"म्हणजे माझं सगळंच चुकलं?"

"सगळं न्हाई. लाल दोऱ्याचा कोंबडाच हाय, अन् पांढऱ्याची तलंगच. सहात दोन बरूबर." मावशींनी क्षणभर विचार केला. "एवढं तर आमची ही बाळी बी सांगंल."

मी वही मिटली. कचेरीत कुणी असं बोललं असतं, तर मी नियम दाखवला असता. इथं नियम मावशींचा होता आणि पीस माझ्या बोटांत होतं.

मग चाचा आत आले. मावशी उठून उभ्या राहिल्या, आणि मला प्रथमच कळलं की इतके दिवस त्या बापाचं नाव का घेत नव्हत्या. कुठलंही पिल्लू उचलायचा हक्क चाचांचा होता. त्यांनी काळी किंवा निळी उचलली असती, तर पोरीच्या दोन तलंगांतली एक गेली. मी वही नाचवली नसती, तर मावशी गुपचूप डालगं उचलून गेल्या असत्या.

"चाचा, मी लपवलं तुमच्यापासून," मावशी म्हणाल्या. "घ्या, तुमचा वाटा."

चाचांनी बिडी विझवून कानावर ठेवली. "मेरेकू पैले महिनेमेंच मालूम था बाई. वो पीलेवाले की गर्दन देखो ना. पूरी बाप की गर्दन."

"मग मागितलं का नाहीत?" मी विचारलं.

"जचकी का घर था. क्या मांगता मैं?" त्यांनी डालग्यात हात घातला. "पण अब खुद बोली, तो छोडूंगा नै."

चाचांनी सरळ पिवळ्या दोऱ्याचं पिल्लू उचललं, माझ्या वहीतली 'मादी, उत्तम, शांत स्वभाव', आणि तिची मान सरळ करून डोळ्याला डोळा लावला. पिल्लानं त्यांच्या मिशीला चोच मारली.

"मुर्गी लेके क्या करूं मैं?" चाचा म्हणाले. "मेरेकू तो मेरे मुर्गे का बेटा होना."

म्हणजे मावशींना तीन महिने ज्याची धास्ती होती, ते कधी होणारच नव्हतं. मावशी मटकन खाली बसल्या आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "आरं देवा. आधीच सांगितलं असतं तर बाईच्या वहीतली शाई तरी वाचली असती."

आक्कांनी निवाडा दिला, अजून भिंतीकडे बघूनच. मावशींचं डालगं मावशींना. बापाचा वाटा बापाला. उरलेली दोन कारकूनबाईला, कारण चूक कारकूनबाईची. यावर अपील नव्हतं.

सोमवारी सकाळी चाचांच्या टांग्यातून आम्ही स्टँडवर गेलो. दीर बरा पोरगा निघाला, त्यानं बाळाचं गाठोडं स्वतः घेतलं. टोपलीत काळी आणि निळी, वर फडकं बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, "काय हाय त्यात?" लेक म्हणाली, "माझ्या कोंबड्या." 'माझ्या' यावर तिनं जरा जोर दिला. गाडी अहमदपूरकडे वळेपर्यंत मावशी उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "मावशी, नक्की तलंगाच आहेत ना?" त्या निघाल्याच. खडीवर जायला उशीर झाला होता.

खरं सांगायचं तर माझा अजून पूर्ण विश्वास बसला नव्हता. वहीतला निष्कर्ष मी खोडला नाही, शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या वाट्याची हिरवी आणि पांढरी आक्कांच्या परसात आली होती. दुष्काळात भिंतीच्या भेगांतून विंचू फार निघत, आणि कोंबड्या ते खातात म्हणून आक्कांनी परवानगी दिली होती. अट एकच. कोंबड्या चालतील, कोंबडा नको, पूजेच्या वेळी आरवतो.

"हिरव्या दोऱ्याची मावशी म्हणतात कोंबडा आहे," मी प्रामाणिकपणे सांगितलं, "पण माझ्या नोंदीप्रमाणे मादी आहे." आक्का म्हणाल्या, "बघू."

पाचेक आठवडे गेले. श्रावणातला सोमवार. आक्का पूजेला बसलेल्या, हातावर लिंग, घरात सगळं शांत. परसातून एक आवाज आला. आधी गंजलेल्या बिजागरीसारखा, मग थांबला, मग घसा साफ करून पुन्हा, या वेळी पूर्ण. आक्कांनी पूजा पूर्ण केली. मग माझ्या दाराशी आल्या.

"कारकूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझी तलंग आरवली."

त्या शनिवारी हिरव्या दोऱ्याची स्वारी टोपलीतून नांदेडला रवाना झाली. पांढरी मात्र राहिली आणि पुढे अंडीही द्यायला लागली. आक्का ती परसातून उचलून माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवत. हाताला पदर गुंडाळून.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मावशींची लेक माहेरी आली. बाळी आता पाय टाकत होती. लेकीच्या हातात टोपली होती आणि तिच्यात कंधारहून आणलेलं एक पिल्लू, महिना दीड महिन्याचं, पायाला जुना विटलेला निळा दोरा. तो माझाच होता, मी ओळखला.

"दोन्ही अंड्यावर आल्या, बाई," ती म्हणाली. "काळी खुडूक बसली, तिचं हे पिल्लू. मूळ कोंबडी तुमची, म्हनून एक तुमाला आनलं. बगा बरं, काय हाय ते सांगा."

मावशी बाजूला बसून भाकरीला पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला. मी पिल्लू मांडीवर घेतलं. तुऱ्याकडे बघितलंच नाही.

"आधी बाप सांग," मी म्हणाले.

"बाप सासूबाईचा कोंबडा." तिनं आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सासूबाई बापाचा वाटा मागू लागल्या होत्या. तिकडं बी हाय ती रीत. मी सांगितलं, बाप शेजारचा हाय."

मावशींचा हात पुन्हा पिठात चालायला लागला.

मी वही काढली, नवं पान उघडलं, रकाने आखले. पाठीवरचं पीस हा रकाना आता पहिला होता. मग पिता. तिथं मी पेन टेकवलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: शेजारचा.